परतीची पाटी

जळकोटला शाळेत शिकवायला जाताना ती शेतकरी बाई मला एसटीतून रोज दिसायची. पावसानं तिच्या उताराच्या शेतातली माती ओढ्याकाठी नेऊन टाकलेली. ती रिकामी पाटी घेऊन खाली उतरायची आणि तीच माती भरून वर चढायची.

एकदा बस तिथंच बंद पडली. मी भूगोलाचा मास्तर, गप्प बसवेना. उतरून तिच्या शेतात गेलो.

“मावशी, अशानं कितीक माती परत येणार?”

तिनं खुरपं पदराला पुसून माझ्या हातात दिलं.

“चार सालामागं हितं खुरपं मारलं की खडक वाजायचा. आता मारून बघा.”

मी जोरात मारलं. खुरपं मुठीपर्यंत आत गेलं. आवाज कसलाच आला नाही.