माझ्या खात्यात आलेला मामाचा आहेर

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. दुकान म्हणजे एका मॅचिंग सेंटरच्या पायरीशेजारची चिंचोळी जागा. त्यात एक मशीन, एक स्टूल आणि मी. राहायला आम्ही अंबरनाथला, बुवापाड्यात. माझं नाव आणि सासरचं आडनाव आमच्या आगरी लोकांत इतकं सापडतं, की सरकारी दवाखान्यात पुकारा झाला की मी कधी एकटी उठत नाही, आणखी एखादी उठतेच. मग आधारकार्ड काढून भांडायचं. मी भांडायला मागे हटत नाही, हे बाजारात सगळ्यांना माहीत आहे.

वैशाखातली गोष्ट. लग्नसराई ऐन भरात होती, साड्यांचा ढीग पडला होता आणि प्रत्येकीला आपली साडी आजच हवी होती. तेवढ्यात फोन वाजला. कोणीतरी माझ्या खात्यात एकवीस हजार रुपये पाठवले होते. पाठवणाऱ्याचं नाव अनोळखी होतं. खाली दोन ओळी होत्या: “बाय, पाय प्लास्टरमध्ये आहे, हळदीला येता येत नाही. भाचीला मामाकडून आहेर.”

आमच्यात थोरल्या बहिणीला बाय म्हणतात. मी काही या गृहस्थांची बाय नव्हते आणि माझ्या घरात कोणाची हळदही नव्हती. मी तो मेसेज मॅचिंग सेंटरच्या शेठना दाखवला. ते सिंधी, माझ्याहून थोडे लहान, मला दादी म्हणतात. त्यांच्यात थोरल्या बहिणीला दादी म्हणतात.

“दादी, हाथ मत लगाना,” ते म्हणाले. “ये आजकल का धंदा है. पहले भेजेंगे, फिर फोन करेंगे, गलती से गया, वापस भेजो. आपने भेजा तो आपका खाता साफ.”

आणि खरंच, थोड्या वेळात अनोळखी नंबरवरून फोन आला. शेठनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी उचलला नाही. पुन्हा आला, तेव्हा मी फोन पालथा घालून ठेवला आणि आपण किती हुशार, या आनंदात राहिलेल्या साड्या संपवल्या. घरी नवऱ्याला रंगवून सांगितलं. तोही म्हणाला, बरं केलंस, आता बँकेत जाऊन सांग म्हणजे आपल्या गळ्यात काही यायला नको.

बँकेत मी गेले, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. काउंटरवरच्या मॅडमनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, “ज्यांनी पाठवलेत त्यांनी त्यांच्या बँकेत तक्रार करायची. ती आमच्याकडे येते, मग तुमची संमती घेऊन आम्ही पैसे परत करतो. तुम्ही आपणहून कोणाला पाठवू नका आणि त्या पैशांना हातही लावू नका. आणि हो, चुकून आलेत म्हणून एक अर्ज लिहून द्या आमच्याकडे.”

सल्ला अगदी योग्य होता. अर्ज उद्या आणून देते म्हटलं आणि बाहेर पडले. उद्या साड्या होत्या. परवाही होत्या. मी म्हटलं, तक्रार आली की देऊ, घाई काय आहे.

तक्रार आलीच नाही. ती का आली नाही हे बँकेच्या मॅडमना कळणं शक्य नव्हतं, पण मला कळायला हवं होतं. मी याच लोकांत जन्मले. आमच्याकडे आहेर दिला की त्याबद्दल बोलत नाहीत. देणाऱ्यानं ‘पोचला का’ विचारलं तर दिल्याचं ऐकवून दाखवल्यासारखं होतं, आणि घेणाऱ्यानं ‘पाठवलात का’ विचारणं म्हणजे तोंड वर करून मागणं. दोन्ही घरं गप्प बसतात. मनात मात्र सगळं धरून ठेवतात. एकवीस हजार हरवले असते तर त्या माणसानं बँक डोक्यावर घेतली असती. पण त्याच्या दृष्टीनं काही हरवलंच नव्हतं. पैसे पाठवताना त्याच्या फोनवर त्याच्या बहिणीचंच नाव दिसत होतं, आडनावासकट.

आषाढ लागला. लग्नं थांबली की माझ्या मशीनला काम नसतं, पण मशीनच्या कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. तो खात्यातून आपोआप जातो. दरवर्षी त्या दिवसांत मी नवऱ्याकडे तोंड वेंगाडते, कधी भिशीतून उचलते. यंदा हप्ता बिनबोभाट गेला. पुढचाही गेला. मी त्या पैशांना हात लावला नव्हता, ते आपले कापले गेले. असं मी स्वतःशी म्हणायची आणि मला ते पटायचंही. माणूस स्वतःला किती स्वस्तात पटवतो, याची मला आता शरम वाटते.

राखीच्या दुसऱ्या दिवशी त्याच नावावरून पाचशे एक रुपये आले. “बाय, यंदा राखी आली नाय. तब्येत बरी हाय ना? ओवाळणी पाठवतो.”

मी तो मेसेज दुकानात, स्टूलवर बसून वाचला. लुबाडणारा माणूस तीन महिन्यांनी बहिणीची तब्येत विचारत नाही, एवढं कळायला शाळा लागत नाही. हे पैसे खरे आहेत, हा माणूस खरा आहे आणि याची बहीण याच्यावर रुसलीय, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. का रुसलीय तेही कळलं. तिच्या मुलीच्या लग्नात सख्ख्या मामाचा आहेर आला नाही. तो इथे आला होता, आणि त्यातला बराचसा मशीनमध्ये गेला होता.

संध्याकाळी त्याचा फोनही आला. वैशाखात मी भीतीनं उचलला नव्हता. या वेळी उचलला नाही, कारण उचलला असता तर पैसे परत करावे लागले असते. एवढं साधं कारण आहे. नवऱ्यानं एकदा विचारलं, “त्या पैशांचं काय झालं गं?” मी म्हटलं, “अजून तक्रार नाही आली.” तो ‘बरं’ म्हणाला आणि टीव्हीकडे वळला. खोटं नव्हतं ते, म्हणून तर इतकं सहज बोलता आलं.

मग भाऊबीज आली. सकाळी माझा भाऊ यायचा म्हणून मी पाट मांडत होते, तेव्हा फोन वाजला. एक हजार एक रुपये आणि खाली: “बाय, काय चुकलं ते तरी सांग.”

मी तिथेच पाटावर बसले. माझा भाऊ आला, त्याला ओवाळलं, जेवायला वाढलं, तो काय बोलत होता ते एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. तो गेल्यावर मी जुन्या मिस्ड कॉलमधून तो नंबर काढला आणि लावला.

पहिल्या रिंगला उचलला. “बाय?” तो म्हणाला.

मी काही म्हणायच्या आत तो बोलत सुटला. “बाय, तू फोन केलास, बस झालं. मी घरी येनार होतो, पन पोरं म्हनाली, आत्या फोन उचलत नाय, दारातून परत पाठवील. तू हक्कसोडीवर सही केलीस, जमिनीचे पैसे सगले मना आलं, तू एक रुपया घेतला नाय. मी इसरलो नाय गं. कमी दिला का मी आहेर? कमी दिला असंल तर तसं बोल.”

“मी तुमची बाय नाही,” मी म्हटलं.

मग सांगितलं. नाव तेच, आडनाव तेच, नंबर दुसरा. त्याच्या बोलण्यातून कळलं, भाच्यानं आईचा नवा नंबर फोनवर सांगितला होता आणि यानं तो लिहून घेताना एक आकडा चुकला होता. पैशांचं विचारील म्हणून मी तयारीत होते. त्यानं विचारलं, “म्हंजे तिला कायच पोचलं नाय? राखीचं पन?”

“नाही.”

“तुमच्या कधी ध्यानात आलं?”

“आजच,” मी म्हटलं. “मी मेसेज बघत नाही फारसे.”

हे खोटं बोलायला मला कोणी भाग पाडलं नव्हतं. तो बिचारा म्हणाला, “तुमची काय चूक त्यात.”

नवऱ्याच्या खात्यातून कमी पडलेले घेतले, त्याची बोलणी खाल्ली आणि सगळे पैसे त्या माणसाला परत पाठवले. चहा उकळायलाही याहून जास्त वेळ लागतो. सहा महिने मी जे काम नियमाच्या आड लपून टाळलं, ते एवढंसं होतं. पैसे पोचल्यावर त्याचा पुन्हा फोन आला. बहीण बदलापूरच्या पुढे गावात राहते, आजच जायचंय, पण माझ्या एकट्याचं ती ऐकणार नाही, तुम्ही येऊन सांगाल का? नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

तो रिक्षा घेऊन आला. साठीचा माणूस, अजून लंगडत होता. वाटभर तो माझे आभार मानत होता. गावात शिरल्यावर बहिणीच्या घराच्या अलीकडे त्यानं रिक्षा थांबवली. म्हणाला, आधी तुम्ही जा, तिनं बोलावलं तर येतो.

दारात पासष्टीच्या बाई उभ्या होत्या. दिवाळीचा दिवस, त्यांनी कोण-कुठली विचारायच्या आधी आत बसवलं, पाणी दिलं, फराळाची बशी पुढे ठेवली. मी माझं नाव सांगितलं तेव्हा त्या हसल्या, “माझंच की.” मग मी बाकीचं सांगितलं. त्या हसायच्या थांबल्या.

“काय लिवलंय त्यात?” त्यांनी विचारलं. “मना चष्म्याबिगर दिसत नाय. वाचा.”

मी फोन काढला आणि वाचलं. प्लास्टरचं वाचलं. राखीचं वाचलं. सकाळचंही वाचलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

“राखीचं आलं तवा तुम्ही वाचलं व्हतं?” त्यांनी विचारलं.

भावाला मी आजच म्हटलं होतं. इथेही म्हणता आलं असतं. पण त्यांच्याकडे बघून मला ते जमलं नाही. “हो,” मी म्हटलं. “त्याच दिवशी वाचलं होतं.”

“आनि लग्नाचं?”

“तेही.”

शिवी दिली असती तर मी ऐकून घेतली असती, मला ती हवी होती. त्या उठल्या, चपला न घालता बाहेर गेल्या. रिक्षेपाशी जाऊन भावाला दोन्ही खांद्यांना धरून त्यांनी गदागदा हलवलं. “फोन लागत नव्हता तर घरी याचं ना, येड्या,” एवढं मला आत ऐकू आलं. मग दोघंही रडताना ऐकू आली. मी फराळाच्या बशीकडे बघत बसले होते.

त्या त्याला हाताला धरून आत घेऊन आल्या. पाट मांडला, ओवाळलं. तो माझ्याकडे वळून बहिणीला म्हणाला, “आजकाल कोन पैसे परत करतं, बाय? यांच्या ध्यानात आलं आनि लगेच फोन केला यांनी. हिशोब करून रुपया न् रुपया पाठवला. देवमानूस हाय.”

मी बाईंकडे पाहिलं. आता त्या सांगतील, असं मला वाटलं. त्यांनी निरांजन खाली ठेवलं, भावाच्या तोंडात करंजीचा तुकडा घातला आणि म्हणाल्या, “जेवून जा.” त्याचा तो दिवस त्यांना मोडायचा नव्हता. माझ्यासाठी त्या गप्प बसल्या नव्हत्या, हे मला नीट कळत होतं.

त्यानं तबकात ओवाळणी टाकली. मग खिशातून आणखी एक पाचशेची नोट काढून माझ्यापुढे धरली. “घ्या. आज भाऊबीज हाय. तुम्ही पन बहीनच की.”

मी नको म्हटलं. तो ऐकेना. “का नको? भावाकडून घ्याला काय हरकत हाय?”

का नको ते त्याला सांगावं लागलं असतं. बाई समोर उभ्या होत्या, माझ्याकडे बघत होत्या. मी हात पुढे केला आणि ती नोट घेतली.