पत्रीतली खाजकोलती

मैत्रिणींनो, आज हरतालिकेची पत्री मी विचुंब्याच्या वाटेवरून स्वतः तोडून आणली. काटे बोचू नयेत म्हणून हाताला पिशवी गुंडाळली होती. अर्धी पत्री शेजारच्या काकूंना दिली.

पूजा मांडताना बोटांची आग आग झाली. सासूबाई ओरडल्या, "अगं, खाजकोलती ही! हिची बारीक लव कातडीत मोडते."

काकूंचा नातू रांगतो, दिसेल ते तोंडात घालतो. मी काकूंकडे धावले. पत्रीचं ताट जमिनीवर आणि त्याच्या मुठीत पान! मूठ सोडवली. पान बेलाचं होतं. खाजकोलती ताटात, त्याच्या गुडघ्याशीच होती.

"एवढी काय घाबरतेस गं?" काकू हसल्या.

स्वतःला न ओळखता येणारं पान दुसऱ्याच्या घरात द्यायचा धीर मला झालाच कसा? तुम्ही आज पत्री नीट पाहिलीत ना?