दशमीचा तुकडा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. गावी बहिणीजवळ नाही, इथे देवासमोर बसूनही नाही. आता लिहायला बसले, तर गॅस बंद आहे का म्हणून उठून बघून आले. बंदच होता.

बहरैनला, जुफैरमध्ये, एका मराठी घरात मी स्वयंपाक करते आणि त्यांच्या इराला सांभाळते. चार माणसांत मला शब्द फुटत नाही. सगळे म्हणतात, मावशी किती साधी. साधी? — ऐका.

इरा सहा वर्षांची असताना साहेब-वहिनी आफ्रिकेला जंगल बघायला गेले. मलाही नेलं. पहाटेपासून छप्पर उघडणाऱ्या गाडीतून हिंडत होतो. पिवळं गवत, संपतच नव्हतं. हत्ती इतक्या जवळून गेले की त्यांच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. सिंहीण झुडपाखाली लोळत होती, घरच्या मांजरीसारखी. मला घट्ट धरून इरा सीटवर उभी होती. इतकं सुख मला कधी मिळालं होतं?

जनावरांना काही खायला घालायचं नाही, असं ड्रायव्हरने सकाळीच बजावलं होतं. साहेबांनी मला ते मराठीत सांगितलं. मला कळलं होतं — हे मुद्दाम लिहिते.

दुपारी झाडाखाली गाडी थांबवून आतच जेवायला बसलो. मी घरून दशम्या करून नेल्या होत्या. आमच्याकडे जेवणाआधी एक घास बाहेर ठेवतात, मुक्या जिवासाठी. जुफैरलाही मी रोज गॅलरीच्या कठड्यावर ठेवते. त्या दिवशीही एक तुकडा मोडला आणि इराच्या खिडकीच्या कडेवर ठेवला. हात सवयीने गेला, असं म्हणू? पण ठेवण्याआधी मी ड्रायव्हरकडे पाहिलं होतं. तो पाठमोरा होता. सवयीचं काम कोणी असं चोरून करतं?

माकड आलं. कुत्र्यासारखं तोंड, केवढं थोरलं! तुकडा उचलला, आणि आणखी हवं म्हणून इराच्या हातातल्या दशमीवर झडप घातली. तिचा दंड फाटला.

ड्रायव्हरने त्याला हाकललं आणि विचारलं, खायला कुणी दिलं? वहिनी इरावरच ओरडल्या, "तूच दिलंस ना? कितीदा सांगितलं होतं!" इरा रडत "नो, नो" म्हणाली, आणि माझ्याकडे बघू लागली.

"मावशींकडे काय बघतेस? खरं बोल!"

मी तिच्या दंडाला ओढणी बांधत होते. घट्ट. मान खाली घालून. नोकरी, व्हिसा — यातलं काही तेव्हा मनात आलं नाही. वहिनी सगळ्यांसमोर मला बोलतील, एवढंच आलं.

इंजेक्शनं बहरैनला परतल्यावरही चालू होती. दर वेळी वहिनी म्हणायच्या, "आता देशील माकडाला खायला?" आधी इरा "मी नाही" म्हणायची. मग — म्हणेनाशी झाली.

आता ती आठवीत आहे. काल पाहुण्यांना तिने बाही वर करून व्रण दाखवला. "आय फेड इट. माय फॉल्ट." सगळे हसले. साहेब म्हणाले, "लहानपणी फार आगाऊ होती ही." तेवढ्यात मी पोळ्या घेऊन बाहेर आले, तर मला म्हणाली, "मावशी, तू होतीस ना तिथे? यू सॉ मी, ना?"

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच तसं आठवतं — आपल्या हाताने माकडाला भरवलेलं.

मी "हो" म्हटलं, आणि तिच्या ताटात पोळी वाढली.