वाचता न येणाऱ्यांचे डोळे

आमच्या दांडिया बाजारातल्या घरात चष्मे दोनच, एक मामंजींचा आणि एक ह्यांचा. दोघेही सरकारी कचेरीत. चष्मा ही वाचणाऱ्याची वस्तू, अशीच सगळ्यांची समजूत. मामंजी सासूबाईंना एकदोनदा म्हणाले होते, तुम्हीही डोळे दाखवून या. त्या म्हणायच्या, मला कुठे पोथी वाचायचीय? झालं, विषय संपला.

धान्य निवडायला एक मावशी यायच्या. नवरा महाराजांच्या फौजेत होता. तो गेल्यावर चार घरचं निवडणं-टिपणं करून दिवस काढत होत्या. एके दिवशी भातात खडा आला आणि मामंजींची दाढ हलली. महिन्यातला तिसरा खडा. सासूबाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "अमावास्येपर्यंत ये. पुढे मी दुसरी बघते." मावशी मान खाली घालून पाखडत राहिल्या. आमचं घर सुटलं की बाकीची तीनही सुटणार, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

बायका म्हणायच्या, वय झालं तिचं. वय कसलं हो, पन्नाशीसुद्धा नव्हती. मामंजी साठी उलटलेले, ते दिव्याशी बसून बारीक अक्षर वाचायचे, त्यांचं वय नव्हतं होत.

ह्यांना विचारून मी मावशींना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर गुजराती, स्वभावाने मऊ. भिंतीवर अक्षरांची पाटी टांगलेली. त्यांनी विचारलं, "माजी, शुं देखाय छे?" काय दिसतंय म्हणून. मावशी पदर सावरत पाटीकडे बघू लागल्या. डॉक्टरांनी सगळ्यात मोठ्या अक्षरावर काठी टेकवली, तेव्हा हळूच म्हणाल्या, "काळं काहीतरी." भिंगं बदलली तरी उत्तर तेच. शेवटी डॉक्टर मला म्हणाले, नजर फारच गेलीय, चष्म्याचा उपयोग नाही.

बाहेर पायरीवर मावशी डोळ्यांना पदर लावून बसल्या. माझ्या डोक्यात मात्र ती पाटीच फिरत होती. मी शाळेत गेलेली नाही. वाण्याच्या पुड्यांचे छापील कागद सोडवून सोडवून बाळबोध तेवढं लावायला शिकले. पाटी होती गुजरातीत. मला ती लख्ख दिसत होती, पण त्यातली निम्मी अक्षरं मलासुद्धा सांगता आली नसती. म्हणजे मग मीही आंधळीच की!

दुसऱ्या दिवशी पदरात मूठभर न निवडलेले तांदूळ बांधून आम्ही परत गेलो. डॉक्टरांपुढे बोलायचा धीर होत नव्हता, पण बोलले. म्हटलं, मावशींना अक्षरं नका विचारू, खडे विचारा. डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले. त्यांनी टेबलावर कागद पसरला, त्यावर तांदूळ ओतले आणि मावशींच्या डोळ्यांना एकेक भिंग लावून बघू लागले. चौथ्या का पाचव्या भिंगाला मावशींचा हात तांदळात गेला तो थांबेचना. खडे काढले, साळी काढल्या, किडका दाणासुद्धा वेगळा केला.

"अगं बाई, वहिनी," त्या म्हणाल्या, "मला वाटायचं हल्ली तांदूळच असा धुरकट येतो."

डॉक्टरांना मी बोल लावत नाही. ज्यांच्या घरी आज्यापणज्यापासून सगळे वाचतात, त्यांच्या मनात हे यावं कुठून? पण त्या पाटीपुढून किती बाया घरी गेल्या असतील आणि चुलीपुढे चाचपडत बसल्या असतील! पुढे महाराजांनी शाळा सक्तीची केली. मावशींच्या नातीने त्याच पाटीवरच्या मोठ्या ओळी घडाघडा वाचल्या, आणि खालची जी ओळ वाचता येईना तिच्यावरून तिला चष्मा मिळाला.

मावशी चष्मा लावून आल्या तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "या मास्तरीणबाई, बसा." पण सूप पुढे सरकवलं. अमावास्या गेली, मावशी राहिल्या.

आठवड्याने मी भाजी चिरत होते. सासूबाई जवळ येऊन बसल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "तिथं परक्या पुरुषासमोर अक्षरं वाचून दाखवावी लागतात का गं?"

मी म्हटलं, नाही लागत. उद्या जाऊ या का?

"बघू, दिवाळी झाल्यावर," म्हणाल्या, आणि भिंतीला हात लावत लावत माजघरात गेल्या.