आठ ते नऊ, फक्त पासष्टीच्या पुढचे

माझ्या सासूबाई कधी खोटं बोलत नाहीत, असं आमच्या गल्लीत कुणीही छातीठोकपणे सांगेल. मला मात्र विचारू नका. मी त्यांची सून आहे, आणि लॉकडाऊनचे ते दिवस मी सातवा महिना सांभाळत त्यांच्याच खिडकीत बसून काढलेत. मला जे दिसलं ते दिसलं.

सासूबाई कपडे दुरुस्त करून देतात. नवीन शिवत नाहीत, त्यात लोक फार छळतात म्हणे. पॅन्ट उंचीला कमी करणं, कमरेत सैल करणं, चेन बदलणं, फाटलेलं अस्तर लावून देणं, हे त्यांचं काम. पहिल्या मजल्यावरची आमची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. खिडकीशी मशीन, भिंतीलगत लोखंडी दांडी, तिच्यावर लटकलेल्या पॅन्टी आणि प्रत्येकीला टाचणीनं लावलेला कागदाचा तुकडा. टेप कायम गळ्यात, अगदी कांदा चिरतानासुद्धा. टाचण्या तोंडात. त्या टाचण्या ओठांत धरूनच त्या हूं, हं, बरं, एवढं बोलतात. टाचण्या काढून ठेवल्या की समजायचं, आता काहीतरी महत्त्वाचं निघणार.

एक गोष्ट त्या कधीच करत नाहीत. पॅन्ट कितीही आखूड करायची असो, जास्तीचं कापड कापत नाहीत. आत दुमडतात आणि टाके घालतात. पोरं उंच होतात, माणसं सुटतात, उद्या उसवून सोडता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बाईचा जीव कापडात अडकलाय. नंतर कळलं, ही सवय फक्त कापडापुरती नव्हती.

सासऱ्यांचं सांगायचं तर त्यांनी चौतीस वर्षं घरोघरी जाऊन पाण्याच्या मीटरचे आकडे टिपले. कुत्रं अंगावर आलं, पावसात वही भिजली, मालकानं दार उघडलं नाही, तरी अंदाजे आकडा कधी लिहिला नाही. नियम म्हणजे नियम. असा माणूस घरात असणं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. त्यातून त्यांचं एक पालुपद होतं, 'या घरात मोठा कोण?' पेपर आधी कुणी वाचायचा, रिमोट कुणाच्या हातात, पंखा किती वर, सगळ्यावर हा एकच निकाल. सासूबाई त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, त्यामुळे त्यांना वेगळा डोस. "अगं लहान आहेस तू, तुला नाही कळायचं." हे शर्टाच्या बटणाबद्दलसुद्धा. ज्या बाईनं उभा जन्म बटणं लावण्यात घालवला तिला. आणि ती बाई टाचण्यांच्या आडून म्हणायची, "बरं."

मला राग यायचा. सासूबाईंना कसा येत नाही, हे कोडं होतं.

मग लॉकडाऊन लागला. माझा नवरा बोटीवर इंजिनियर, तो तिकडेच अडकला. घरात आम्ही तिघं, म्हणजे साडेतीन. समोरच्या सुपरमार्केटच्या काचेवर पाटी लागली: सकाळी आठ ते नऊ फक्त पासष्टीच्या पुढचे, ओळखपत्र दाखवून. एका घरातून एकच माणूस. बाकीच्यांनी नवानंतर. नवानंतरची रांग पार कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी व्हायची आणि आत पोचेपर्यंत पीठ, अंडी, साबण सगळ्याचा फडशा पडलेला असायचा. जमिनीवर पिवळे गोल, दारात कपाळावर ताप मोजायचं यंत्र रोखून उभा असलेला रखवालदार. गल्लीनं त्याचं नाव पिस्तूल ठेवलं. पिस्तूल आधी गोळी झाडायचा, मग कार्ड वाचायचा.

सासरे सदुसष्टचे. त्यांची कॉलर ताठ झाली. घराचं पोट आता त्यांच्या ओळखपत्रावर. पहिल्या दिवशी मी यादी लिहून दिली. त्यांनी पिठाच्या जागी कॉर्नफ्लोअर आणलं, व्हिनेगरच्या चार बाटल्या आणल्या आणि माशांचे सहा डबे आणले, कारण सुनेनं सकस खाल्लं पाहिजे. मी डबा उघडला आणि वास घेऊन मागची बाजू वाचली. तिथे मांजराचं चित्र होतं. पुढच्या बाजूला मासा होता म्हणून त्यांनी डबा उलटा करून बघितलाच नव्हता. अख्ख्या इमारतीत मांजर नाही. ते डबे अजून आमच्या माळ्यावर आहेत.

हसून सोडून दिलं असतं. पण आदल्याच वर्षी सासऱ्यांना न्यूमोनिया झाला होता, तीन आठवडे दवाखान्यात काढले होते. डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की ही छाती दुसरा झटका सोसणार नाही. आणि आमचे बाबा सुपरमार्केटात काय करायचे, तर मास्क हनुवटीवर ओढून गोठवलेल्या मटारपाशी गप्पा. जन्मभर घरोघरी फिरलेला माणूस, चार माणसं दिसली की त्यांना राहवायचं नाही. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीनं हे पाहिलं आणि आम्हाला सांगितलं. चारच दिवसांत, ज्यांच्याशी ते रोज बोलायचे त्या चष्मेवाल्यांना अँब्युलन्स घेऊन गेली.

आमची पाचावर धारण बसली. सासऱ्यांना चौदा दिवस मागच्या खोलीत बंद केलं. ताट दारात ठेवायचं आणि दार वाजवून पळायचं. सासूबाई रोज मध्यरात्रीसुद्धा दाराला कान लावून त्यांचा खोकला ऐकायच्या. तो येत नव्हता, तरी ऐकायच्या.

आता सामान कोण आणणार? मी नाही, हे उघड होतं. सासूबाई म्हणाल्या, मी जाते नवाच्या रांगेत. दुसऱ्या दिवशी त्या पावणेआठला पिशवी घेऊन निघाल्या. मी म्हटलं, लवकर नंबर लावायचा असेल. खिडकीतून पाहते तर बाई चालत चालत थेट ज्येष्ठांच्या रांगेत. पिस्तूलनं गोळी झाडली, कार्ड बघितलं, वाकून बघितलं, आणि सोडलं आत. साडेआठला त्या घरी. पीठ, अंडी, तेल, साबण, आणि माझ्यासाठी सफरचंदं.

मी विचारलं, तर म्हणाल्या, पिस्तूलच्या पॅन्टची कंबर मी आत घेऊन दिलीय, ओळखतो तो मला. मी म्हटलं, आई, तो पॅन्टकडे नाही, कार्डाकडे बघत होता. त्या हूं म्हणाल्या. मी काही खिडकीतून उठले नाही. मला दुसरं कामही नव्हतं. तीन दिवस मी रोज तोच प्रश्न विचारला. चौथ्या दिवशी त्यांनी टाचण्या तोंडातून काढून टाचण्यांच्या गादीत खोचल्या, मशीनचा खण उघडला, रिळांच्या खालून ओळखपत्र काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

मी बोटांवर मोजलं. मग दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजलं. चौसष्ट नव्हे, सत्तर.

झालं होतं असं, की लग्न ठरताना मुलगा पंचवीसचा आणि त्याच्या घरच्यांना बावीसच्या पुढची नको होती. सासूबाई तेव्हा अठ्ठावीसच्या. त्यांच्या आईनं बावीस सांगितलं आणि सासूबाई फक्त गप्प बसल्या. पुढे बोलायची वेळच आली नाही. घरातले सगळे फॉर्म त्या स्वतः भरायच्या, आणि सासरे, जगाचे आकडे तपासणारा माणूस, बायकोनं पुढे केलेल्या कागदावर चष्मा न लावता सही करायचे. पन्नाशीचा केक कापला तेव्हा त्या छप्पन्नच्या होत्या. पासष्टी उलटल्यावरही बसमध्ये नवऱ्याशेजारी बसून पूर्ण तिकीट काढत होत्या, कार्ड दाखवायला लागू नये म्हणून. मी हसून हसून पोट धरलं, तशी त्या ओरडल्या, हळू, लेकराला हिसके बसतील.

मी म्हटलं, आता सांगून टाका की. या वयात कुणाला काय फरक पडतो?

त्यांनी टेप गळ्यातून काढला आणि बोटाला गुंडाळत बसल्या. म्हणाल्या, "बेचाळीस वर्षं तो माणूस मला लहान आहेस म्हणतोय. तुला राग येतो, माहीत आहे मला. मला नाही येत. माझ्या माहेरी मी सगळ्यांत थोरली. मला लहान कुणी म्हटलंच नव्हतं. तेवढं एक जाऊ नये असं वाटतं."

मी तोंडाला कुलूप लावलं.

पंधराव्या दिवशी सासरे खोलीतून बाहेर आले, ठणठणीत. दाढी केली, पेपर वाचला आणि यादी मागितली. सासूबाईंनी बूट लपवले होते, दुरुस्तीच्या पॅन्टींच्या ढिगाखाली. सासऱ्यांनी चपला घातल्या. मास्क लपवला होता. त्यांनी मशीनवरचा नवा उचलला, त्याचे बंद अजून शिवायचे होते, तो हातानं तोंडावर धरला. सासूबाईंनी समजावलं की गेले चौदा दिवस मी आणतेय ना, पिस्तूल सोडतो मला आठ वाजता, त्याची पॅन्ट मी दुरुस्त केलीय.

इथे आमचं चुकलं. ज्या माणसानं कधी खोटा आकडा लिहिला नाही, त्याच्या बायकोनं पॅन्टच्या ओळखीवर ज्येष्ठांच्या रांगेत घुसावं? सासरे लालबुंद झाले. चौसष्ट वर्षांची बाई, कुणा म्हाताऱ्याच्या वाट्याचं पीठ उचलून आणतेस, लाज नाही वाटत? आजपासून मी जाणार, रोज जाणार, आणि त्या रखवालदाराचीही तक्रार करणार. मी चष्मेवाल्यांची आठवण करून दिली. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. त्यांनी दाराची कडी काढली.

"बास," ते म्हणाले. "या घरात मोठा कोण?"

सासूबाईंनी टाचण्या काढल्या. एक एक करून, पाच. मी खिडकीची चौकट घट्ट धरली. त्यांनी खण उघडला, रिळं बाजूला केली आणि ओळखपत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांच्याच खिशातला चष्माही काढून दिला, या वेळी घाला म्हणाल्या.

सासऱ्यांनी वाचलं. पुसून पुन्हा वाचलं. मग गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. शेवटी म्हणाले, म्हणजे मी तिसरीत होतो तेव्हा तू सहावीत. सासूबाई म्हणाल्या, "सातवीत. मी एक वर्ष पुढे होते."

आणि मग सासूबाईंनी दाराची कडी परत लावली. मी लग्नापासून कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं. जिनं या माणसाला अहो सोडून दुसरी हाक मारली नाही, ती म्हणाली, "आता मोठ्यांचं ऐकायचं. चपला काढ."

त्यांनी काढल्या.

पण मीटरवाला गप्प बसेल होय? त्यानं वेगळा सूड उगवला. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "ताई, चहा मिळेल का?" रात्री म्हणे, "ताई, आधी तुम्ही जेवा, तुम्ही मोठ्या." पेपर त्यांच्यापुढे घडी घालून ठेवला, रिमोट दोन्ही हातांनी दिला. मला हसू दाबवेना. पण सासूबाई हसत नव्हत्या. रिमोट मांडीवर तसाच पडून होता. दोन दिवस मशीन चाललं नाही आणि त्या मला म्हणाल्या, "गेलं बघ ते." मी खूप चिडले. दारामागे गाठून सासऱ्यांना स्पष्ट सांगितलं की बाबा, तुमची ती बडबड त्यांना आवडायची, देव जाणे का, पण आवडायची. आणि ती त्यांनी तुमच्या छातीसाठी पणाला लावली. सासरे मीटरकडे बघावं तसे माझ्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी पावणेआठला सासूबाई पिशवी घेऊन खाली उतरल्या. सासरे माझ्या खिडकीत येऊन बसले, मला स्टुलावर ढकललं. खाली पिवळ्या गोलांत वीस-पंचवीस म्हातारी माणसं उभी. सासूबाईंचा नंबर आला, पिस्तूलनं गोळी झाडली. रोजची ओळख झालेली, कार्ड न बघताच तो हातानं आत जा म्हणाला.

सासऱ्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि मीटरवाले घरमालकाला हाक मारतात तशी हाक मारली. "अगं, जपून जा. लहान आहेस तू अजून."

सगळी रांग वर बघायला लागली. मग सासूबाईंकडे. पिस्तूलनंही बघितलं, त्याच्या कपाळावर आठी पडली, आणि त्यानं आडवा हात घातला. ओळखपत्र दाखवा, आजी की काकू, काय असाल ते.

मास्क होता म्हणून तोंड दिसलं नाही. पण सत्तर वर्षांच्या माझ्या सासूबाईंनी पर्स उघडली आणि कार्ड शोधायला सुरुवात केली. ते वरच्याच कप्प्यात होतं, सकाळी मीच ठेवलं होतं. तरी त्या शोधत राहिल्या, सगळ्या रांगेला नीट दिसेल अशा बेतानं, चांगली दोन मिनिटं.