बोल्टाचं दुसरं टोक

फिटरच्या जागेसाठी बाकीच्यांची मुलाखत पाणीपुरवठा सोसायटीच्या ऑफिसात, खुर्चीवर बसवून झाली. माझी बाहेर उन्हात. चेअरमन आणि दोन संचालक ओट्यावर उभे राहिले. वरूनच म्हणाले, "कर सुरू. आत यायचं काम न्हाय."

मी बौद्धवाड्यातला, आयटीआय करून आलेला. समोर पंप खोलून ठेवलेला. एकट्यानं जोडला. "हात बरा हाय," चेअरमन म्हणाले. नोकरी लागली. दुष्काळाचं साल, आई-बाप खडी फोडायला जात होते. अपमान गिळला, वर हातही जोडले. तो राग अजून गेलेला नाही.

विहिरीतलं काम मात्र दोघांचं. पाइपांचा जोड आवळताना वरच्यानं बोल्ट धरायचा, खालच्यानं नट फिरवायचा. वर नाना असायचे, सोसायटीचे जुने फिटर. मी पाना पुढे केला की म्हणायचे, "फळीवर ठेव. मग घेतो." माझा हात जवळ आला की बोल्ट सोडून द्यायचे. मग नटाबरोबर बोल्टही नुसता फिरायचा. खाली काळोख, वर नाना, मधे मी लटकलेला. नोकरीला लाथ मारावी तर घरी चूल कशावर पेटणार?

शेवटी एक जोड ढिला राहिलाच. पंप हवा ओढू लागला, गावाला पाणी येईना. चेअरमननी मला पुन्हा उन्हात उभं केलं. सगळे बघत होते, नानाही.

"मुलाखतीला तर बरा जोडला हुतास. आता परत जोडून दाखव. न्हाय जमलं तर घरी जा."

मला जमलं असतं. पण जमलं तर विहिरीत कामचुकारपणा केला म्हणणार, नाही जमलं तर येतच नाही म्हणणार. दोन्हीकडून दोष माझाच. मी पान्याला हात लावला नाही.

"विहिरीत चला," मी म्हणालो. "नानांनी बोल्ट धरायचा. मग बघा."

"त्यो धरायचा न्हाय. तुला ठावं हाय."

"तुमाला बी ठावं हाय. मग परीक्षा माझी कशाला?"

नाना खाली बघत राहिले. माझी नोकरी गेलीच होती, आणि घरी काय सांगायचं ते सुचत नव्हतं. पण तिथंच मनाशी पक्कं केलं. ज्याला माझ्या हाताचा विटाळ होतो, त्याच्या विहिरीत मी उतरणार नाही. गाव तहानलं तरी नाही.