माशीचा निवाडा

कीड लागलेलं फळ पाहुण्याच्या हातावर अभिमानानं ठेवणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच, आणि तो नेमका माझा थोरला साडू. संग्रामपूरजवळ त्यांची पेरूची बाग. पेरूला आमच्याकडे जांब म्हणतात. 'पेरू' म्हणणाऱ्याला साडू पुण्याचा समजून कीव येऊन जास्तच खाऊ घालत. हिवाळ्यात आम्ही गेलो की चहाच्या आधी बाग. एखादा गुळगुळीत, देखणा जांब तोडायला गेलो की माझ्या हातावर चापट बसे. ते मात्र फळमाशीनं डंख मारलेला जांब हुडकून काढत, खिशातल्या चाकूनं डाग उडवत आणि उरलेला मला देत. "माशी काई येडी नाई, भाऊ. गोड पाहूनच बसते." माझी बायको बहिणीकडे पाहून डोळे वटारी, आणि बहीण कपाळाला हात लावी. पण खरं सांगतो, तसा गोड जांब मी दुसरीकडे कुठे खाल्ला नाही.

फवारणीचं नाव काढलेलं त्यांना खपत नसे. माशी आजोबांच्या काळापासून बागेत आहे, ती आपला वाटा खाते, आपण कोण नाही म्हणणारे, असा त्यांचा सवाल. म्हणूनच मध्ये लावलेल्या पपईच्या रोपांबरोबर परदेशी पिठ्या ढेकूण आला, कापूस चिकटावा तसा पानोपानी बसला, तेव्हा त्याच्यावरही ते रागावले नाहीत. पाहुणा आहे, खाईल आणि जाईल, म्हणाले.

पाहुणा गेला नाही. पपईवरून तो जांबावर आला आणि रस शोषून कोवळ्या फळांना चिरा पाडू लागला. घरची माशी त्या आयत्या चिरांत अंडी घालायला लागली. कच्चं, तुरट, काही पाहीना. यंदा गेलो तेव्हा साडू अळ्या पडलेली फळं खड्ड्यात पुरत होते. झाडं वाचतील की तोडावी लागतील, हे त्यांनाही सांगता येईना.

"त्या परक्याचा राग नाई मले," ते म्हणाले. "आपली माशी बिघडली, भाऊ. तिले आता गोडाशी घेनंदेनं नाई राह्यलं." सख्ख्या भावावर रुसावं तसा हा माणूस माशीवर रुसला होता. इतर वेळी मी हसलो असतो. त्या दिवशी मीही वाकून फळं खड्ड्यात टाकू लागलो.

निघताना ते स्टँडपर्यंत आले. पाहुणा रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून जांबाच्या हातगाडीपुढे थांबले. जन्मात पहिल्यांदा ते जांब विकत घेत होते. एक उचलला, फिरवून पाहिला, ठेवला, दुसरा उचलला. सगळेच गुळगुळीत, बिनडागाचे. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमीच निवडा, भाऊ."